फिरतं टेबल

ताईंनी ते टेबल पहिल्यांदा पाहिलं इस्त्रीवालीच्या घरी. दुसऱ्यांदा पाहिलं बँडवाल्या आजोबांच्या घरी. तिसऱ्यांदा ते गल्लीच्या टोकाला, कुलूपवाल्याच्या खोलीत, भिंतीशी अंग चोरून उभं दिसलं, तेव्हा ताईंना त्याला 'काय, बरं आहे ना?' असं विचारावंसंच वाटलं. इतक्यांदा भेट झाल्यावर माणसाशीसुद्धा घसट वाढते.

टेबलाची ओळख पटायला काही हेरगिरी लागत नव्हती. एका कोपऱ्यावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग, एक पाय आखूड आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी. वर पृथ्वीचा गोल, त्याला ऐन महासागरात पोचा आलेला. शेजारी निळा दिवा. ही सगळी मंडळी एकत्रच प्रवास करायची. ताई ज्या घरी तपासणीला जाणार त्या घरी ती आधीच पोचलेली असायची, आणि ताईंची पाठ वळली की पुढच्या घराच्या वाटेला लागायची.

ही भानगड कळायला ताईंचं काम आधी कळायला हवं. ताई बालसंरक्षण कार्यालयात होत्या. कुठे मुलाला मारहाण होते, कुठे उपाशी कोंडून ठेवतात, कुठे आईबापच उरले नाहीत, अशी खबर आली की चपला पायात सरकवून निघायचं, घर बघायचं, मुलाशी बोलायचं, आणि मूल तिथेच राहू द्यायचं की बालगृहात हलवायचं, याबद्दलचं आपलं मत वर कळवायचं. ऐकायला हे फार उदात्त वाटतं. प्रत्यक्षात दार वाजवलं की "घरी कोणी नाही!" असं आतलंच माणूस ओरडून सांगतं. कुत्रं तेवढं खोटं बोलत नाही, ते सरळ चावायला येतं. एका बाईनं तर ताईंच्या अंगावर भांड्यांचं खरकटं पाणी ओतलं होतं, आणि मग "अगं बाई, भिजलात की!" म्हणत स्वतःच टॉवेल आणून दिला होता. आणि गल्लोगल्लीच्या आया पोरांना भरवताना म्हणायच्या, "गिळ मुकाट्यानं, नाहीतर ती पोरं नेणारी बाई येईल."

पोरं नेणारी बाई म्हणजे ताई. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्यांनी नेलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि तीही अशा घरांतली, की तिथे त्यांना आणखी एक रात्र ठेवणं पाप ठरलं असतं. जाताना त्या जीपच्या मागच्या सीटवर मुलाचा हात घट्ट धरून बसायच्या आणि येताना एकट्याच ढसाढसा रडायच्या. ड्रायव्हरकाका तेवढा वेळ आरशात बघायचं सोडून द्यायचे. पण हे गल्लीला कोण सांगणार?

ती जीप म्हणजे तर एक अवतारच होता. नियम असा, की तपासणी अचानक व्हावी, घरच्यांना सुगावा लागता कामा नये. आणि जीप अशी, की तिचा खोकला चौक ओलांडायच्या आधीच ऐकू यायचा. वर दोन्ही अंगांना 'बालसंरक्षण कार्यालय' अशी हातभर अक्षरं. ती कोपऱ्यावर वळली की बँडवाल्या आजोबांना रियाज आठवायचा. आजोबांची उभी हयात बँडमध्ये ट्रम्पेट वाजवण्यात गेलेली. खिडकीत उभं राहून ते एक लांबलचक सूर लावायचे, आणि पाठोपाठ गल्लीभर बादल्या, झाडू आणि फरफटणारं लाकूड यांचे आवाज उठायचे. ताई जीपमधून उतरेपर्यंत सगळं चिडीचूप, आणि टेबल आपल्या जागी.

ताईंच्या हे कधीच लक्षात आलं होतं. पण त्यांनी कानाडोळा केला, कारण टेबल उसनं असलं तरी मुलं खरी होती. इस्त्रीवाली नणंदेच्या दोन पोरांना सांभाळत होती आणि ती पोरं तिला बिनधास्त उलट उत्तरं द्यायची. भ्यालेली मुलं उलट उत्तरं देत नाहीत. आजोबांचा नातू त्यांच्या अंगावर पाय टाकून ऐसपैस घोरायचा. ताईंना बघायचं असायचं ते हे. शिवाय ताईंचा स्वतःचा मुलगा पलंगाखाली पालथा पडून अभ्यास करायचा. त्या कोणत्या तोंडानं दुसऱ्याला बोलणार?

कुलूपवाल्याचं प्रकरण मात्र नाजूक होतं. कुलूपवाला म्हणजे दारातून वाकून आत यावं लागेल असा धिप्पाड माणूस, पण सरकारी माणूस समोर आला की त्याची वाचा बसायची. कुलपांशी तेवढा तो भरभरून बोलायचा. बहीण आजारात गेली, तिचा नवरा त्याआधीच परागंदा झालेला, आणि भाची मामाच्या पदरात पडली. या भाचीला सगळी गल्ली 'वकील' म्हणायची. "झोप आता" म्हटलं की ती "का म्हणून?" असं विचारायची, आणि कारण पटलं तरच झोपायची.

वकिलाचं नाव ऑफिसात आलं ते शाळेमुळे. मुख्याध्यापिका बाईंच्या कपाटाची किल्ली हरवली. बाई घामाघूम. शिपाई हातोडी शोधायला पळाला. वकिलानं तेवढ्यात केसातली पिन काढली आणि कपाट उघडून दिलं. चार शब्द कौतुकाचे बोलायचे सोडून बाईंनी तक्रार ठोकली, की मामा मुलीला घरफोडी शिकवतो. तक्रार आली म्हणजे चौकशी आली, आणि चौकशी आली म्हणजे समिती आली. मामानं त्याच दिवशी वकिलाला समोर बसवून बजावलं होतं: जे आपलं नाही त्याला हात लावायचा नाही, आणि ते आपलं आहे असं म्हणायचंही नाही. वकिलाला हे कारणासकट पटलं होतं.

मागच्या भेटीत ताई निघाल्या तेव्हा वकील त्यांच्यामागून दारापर्यंत आली होती. "ताई, बालगृहात कुलूप आतून असतं की बाहेरून?"

मुलांचे नाना प्रश्न ताईंनी आजवर झेलले होते. हा मात्र त्यांना झेलता आला नाही. "बघून सांगते," त्या म्हणाल्या आणि झटक्यात वळल्या. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

समिती उद्या बसणार होती. आणि नेमका आज सकाळी नव्या साहेबांनी ताईंना बोलावून घेतलं. "त्या कुलूपवाल्याचं घर मी स्वतः बघणार आहे. समितीला माझा शब्द लागतो. ठीक असेल तर मुलगी राहील, नाहीतर उद्याच बालगृहात पाठवू. आणि त्याच गल्लीत त्या इस्त्रीवाल्या बाईंची वार्षिक तपासणी राहिलीय ना? दोन्ही घरं एका खेपेत उरकू."

ताईंनी मनातल्या मनात हिशेब केला: घरं दोन, टेबल एक.

नवे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. शिस्तीचे होते, इतकंच. प्रत्येक मुलाला घरात स्वतःची अशी जागा हवी, हा नियम मुख्य कार्यालयात असताना त्यांनीच लिहिला होता, आणि तो कितपत पाळला जातो हे बघायला आता ते स्वतःच इकडे आले होते. पण त्यांचं खरं दुखणं निराळंच होतं. एकदा पाहिलेली वस्तू ते विसरत नसत. ऑफिसात तपासणीच्या दिवशी एकच धड खुर्ची पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत फिरवायची जुनी रीत होती. सगळे साहेब त्या खुर्चीवर बसून खूश होऊन गेले होते. या साहेबांनी तिसऱ्या खोलीत तिच्या हातावरचा शाईचा डाग पाहिला आणि म्हणाले, "ही बाई सकाळपासून माझ्या पाठीमागे फिरतेय." हेडक्लार्क त्या दिवसापासून लाकडी स्टुलावर बसतात.

जीप खोकत खोकत गल्लीत शिरली आणि ट्रम्पेट वाजलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"रियाज," ताई म्हणाल्या.

इस्त्रीवालीनं हसून दार उघडलं. आत सगळं लखलखीत. खिडकीशी टेबल, टेबलावर गोल, गोलाशेजारी दिवा. धाकटं पोर वही उघडून बसलं होतं, वही उलटी होती, पण बसणं मात्र नेटकं. साहेबांनी मुलांशी गप्पा मारल्या, गादी दाबून पाहिली, आणि शेवटी टेबलाशी आले. त्यांचं बोट सरळ त्या तपकिरी डागावर गेलं.

"इस्त्रीचा?"

"हो साहेब." इस्त्रीवालीचा चेहरा पडला. "फोन वाजला म्हणून इस्त्री तशीच टेकवली आणि राहिली की हो बोलत."

"असू द्या. कष्टाच्या घरात असे डाग असायचेच." साहेबांनी डागावरून प्रेमानं बोट फिरवलं. मग गोल उचलला. "आणि महासागराला काय झालं?"

"माझा शॉट!" थोरला अभिमानानं म्हणाला.

साहेब चक्क हसले. ताईंना मात्र घाम फुटला. आता हा डाग, हा पोचा आणि हा दिवा साहेबांच्या डोक्यात कायमचे जाऊन बसले होते. ते पेन्शनीत निघाले तरी तिथून हलणार नव्हते.

बाहेर पडताना ताईंनी मागे वळून पाहिलं. मागच्या खिडकीतून टेबलाचे दोन पाय बाहेर आले होते.

आता काय करावं? टेबल कुलूपवाल्याकडे पोचलं नाही, तर मुलीला जागा नाही म्हणून साहेब नाक मुरडणार. पोचलं, तर साहेब डाग ओळखणार आणि एका फटक्यात दोन्ही घरं खोटी पडणार. जागा नाही याची समजूत घालता येईल, फसवणुकीची काय घालणार? टेबल वाटेतच अडवायला हवं होतं. साहेब दोन पावलं पुढे होते. घरांच्या मधल्या फटीतून पलीकडचा बोळ दिसत होता, आणि बोळातून इस्त्रीवाली पुढे, आजोबा मागे, डोक्यावर टेबल, अशी वरात चालली होती. ताईंनी साहेबांच्या पाठीआडून दोन्ही हात जिवाच्या आकांतानं हलवले. नको! नको! मागे न्या!

इस्त्रीवालीनं पाहिलं. मान डोलावली. आणि पळत सुटली.

बरोबरच होतं तिचं. पोरं नेणारी बाई साहेबांच्या पाठीमागून हात हलवते, याचा त्या गल्लीत 'पळा लवकर' याशिवाय दुसरा अर्थ निघणंच शक्य नव्हतं.

ताईंनी चपलेचा पट्टा काढला आणि वाटेतच खाली बसल्या. "साहेब, जरा थांबा हं, पट्टा निघाला." साहेब सभ्य माणूस, थांबले. मग ताईंनी जीपशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरकाकांना हाक मारली आणि भुवया ताणून, डोळे बोळाकडे फिरवत म्हणाल्या, "काका, तिकडचं जरा बघता का?"

काका समजूतदार गृहस्थ. इतकी वर्षं ताईंचं न बोललेलं ओळखत आले होते. ते लगबगीनं बोळात गेले. ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सावकाश पट्टा लावला, उठल्या, पुढच्या फटीतून डोकावून पाहिलं, तर टेबल दुप्पट वेगानं चाललं होतं आणि त्याच्या मधोमध ड्रायव्हरकाकांचं डोकं होतं.

कुलूपवाल्याच्या दाराशी पोचेपर्यंत आतली धडपड थांबली होती. मामानं दार उघडलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि शर्टाचं बटण भलत्याच काजात होतं. त्यानं बोलायला तोंड उघडलं, काही निघेना, म्हणून पुन्हा मिटलं.

खोली एकच, पण मोठी. एका भिंतीला जमिनीपर्यंत लोंबणारी चादर टाकलेलं काहीतरी लांबलचक. दुसऱ्या भिंतीशी पलंग आणि गादी. आणि बरोब्बर मधोमध, जणू आत्ताच आभाळातून उतरलं असावं तसं, टेबल. इस्त्रीवाली कच्च्या गुरूची चेली नव्हती. डागावर तिनं भरतकामाचा रुमाल अंथरला होता आणि गोलाचा महासागर भिंतीकडे वळवला होता. मागच्या दारात ती स्वतः उभी होती, जोरजोरात धापा टाकत. "सहज आले होते," ती साहेबांना म्हणाली. "साखर मागायला."

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं. दिव्याकडे पाहिलं. दिव्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पलंगावर पाय हलवत बसलेल्या वकिलाकडे वळले.

"छान आहे की. तुझं टेबल ना हे?"

ताईंनी डोळे मिटून घेतले. वकील खोटं बोलली तर वाईट, आणि खरं बोलली तर सत्यानाश.

"नाही," वकील म्हणाली. "माझं नाहीये."

मामाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, न उघडणाऱ्या कुलपात किल्ली फिरल्यासारखा.

"मग कुणाचं?"

"यांचं." वकिलानं इस्त्रीवालीकडे बोट दाखवलं. "पण तुम्ही आला की ते इथे येतं. आजोबांकडे गेलात की आजोबांकडे जातं. त्याला हात लावायला मला परवानगी आहे. पण ते माझं आहे असं मी म्हणणार नाही. मामानं सांगितलंय."

साहेबांनी सावकाश रुमाल उचलला. डाग होता तिथेच होता. "आपली ओळख झालीय वाटतं," ते टेबलाला म्हणाले. मग त्यांची मान ताईंकडे वळली. "तुम्हाला हे माहीत होतं?"

खोटं बोलायला ताईंना काही जड नव्हतं. पण समोर ती पोरगी पाय हलवत बसली होती. आत्ताच तिनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, का, तर मामानं सांगितलंय म्हणून.

"हो," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या घरापासून."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"साहेब, त्यांना कशाला रागावता?" इस्त्रीवाली मध्ये पडली. साखरेचं सोंग तिनं कधीच टाकून दिलं होतं. "टेबल लागतं हे आम्हाला ताईंनीच तर सांगितलं. पहिल्या वेळेला घर बघून जाताना म्हणाल्या, 'एखादं टेबल असतं तर बरं दिसलं असतं.' मी त्याच आठवड्यात जुन्या बाजारातून ओढत आणलं. मग आजोबा रडकुंडीला आले, त्यांच्याकडे टेबल नाही, नातवाला नेतील म्हणून. म्हटलं, रडता काय, घेऊन जा."

ताईंना ते वाक्य आठवतच नव्हतं. चपला घालता घालता, दुसऱ्या घराचा विचार करत, सहज तोंडातून सुटलं असणार. दिवसभरात अशी किती वाक्यं त्या किती दारांत टाकून येत होत्या, आणि माणसं ती उचलून घरात नेऊन काय काय करत होती, देव जाणे. त्यांना एकदम फार वाईट वाटलं.

"म्हणजे मुलीला स्वतःची जागा नाहीच," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच भीती वाटत होती.

"आहे की!" वकील टुणकन उठली. "दाखवू?"

"नको गं!" मामाला अखेर वाचा फुटली. "मळकी आहे ती. तेलकट आहे. साहेबांना काय दाखवायची?"

"का म्हणून नाही?" वकिलानं विचारलं. मामाला कारण सुचेना. तेवढ्यात तिनं चादर ओढली.

चादरीखाली मामाचा कामाचा बाक होता. लांब, काळपट, किल्ल्या आणि कानशी आणि उघड्या पोटाच्या कुलपांनी खच्चून भरलेला. पण त्याचा खिडकीकडचा कोपरा निराळा होता. तिथलं लाकूड घासून घासून मऊ केलेलं. पेन्सिल घरंगळून खाली पडू नये म्हणून कडेला पट्टी ठोकलेली. मामाच्या बाजूचं तेल वाहत येऊ नये म्हणून मध्ये पत्र्याची कड. वकिलाच्या उंचीला बरोबर बसेल असं पाय कापलेलं बुटकं स्टूल. भिंतीवर खिळ्याला दप्तर. आणि कोपऱ्याच्या खाली एक छोटा खण, त्याला बोटाएवढं कुलूप.

"मामा इथे बसतो, मी इथे," वकील म्हणाली. "मला गणित अडलं की मी मामाला विचारते. मामाला पण येत नाही. मग आम्ही दोघं विचार करतो."

साहेब वाकले. "आणि या खणात काय आहे?"

"ते सांगायचं नसतं. म्हणून तर कुलूप आहे."

"किल्ली मामाकडे?"

"नाही, माझ्याकडे. एकच केलीय." तिनं गळ्यातली दोरी ओढून किल्ली दाखवली. "मामाला उघडता येईल. त्याला सगळंच उघडता येतं. पण तो उघडत नाही."

मामा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. ताईंनी इतकी घरं पाहिली होती, इतक्या मुलांच्या दप्तरांत, उशांखाली, डोळ्यांत डोकावून पाहिलं होतं. एवढ्या सगळ्यांत असं कुलूप त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. आणि दर वेळी गल्लीनं घाबरून नेमकं हेच चादरीखाली दडवलं होतं.

साहेब त्या बुटक्या स्टुलावर बसले. त्यांचे गुडघे हनुवटीला लागले.

वकील आता ताईंकडे वळली. "ताई, तुम्ही बघून सांगणार होता."

साहेबांनी विचारलं, "काय?"

"बालगृहात कुलूप आतून असतं की बाहेरून."

ताईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बाहेरून असतं गं."

वकिलानं त्यावर नीट विचार केला. "साधं असेल तर मला पाच मिनिटं लागतील," ती म्हणाली. "मग मी परत येईन. म्हणजे मला तिथे न्यायचं, मी यायचं, तुम्ही परत न्यायचं. जीप तर खोकते तुमची."

साहेबांच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज आला. आधी ताईंना वाटलं त्यांना ठसका लागला. मग कळलं की साहेब हसतायत, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आलेत. ते उठायला गेले, स्टूल त्यांच्याबरोबरच उठलं, ते मामानं हळूच सोडवून घेतलं.

"तसं असेल तर इथेच राहिलेली बरी," साहेब म्हणाले. "उद्या समितीला मी स्वतः सांगतो. नियमात जागा म्हटलंय, टेबल नाही. मीच लिहिलाय तो." मग नाक पुसून त्यांनी पुन्हा साहेबाचा चेहरा चढवला. "आणि पिन लावून कपाटं उघडणं बंद."

"विचारून उघडलं तर?"

"विचारून चालेल."

मामानं साहेबांचे हात हातात घेतले. त्याला पुष्कळ काही बोलायचं होतं, पण वाचा पुन्हा बसली होती, म्हणून तो नुसतेच ते हात हलवत राहिला, साहेब पार खांद्यापर्यंत हलेस्तोवर.

"ताई, तुमच्याशी मी ऑफिसात बोलणार आहे," हात सुटल्यावर साहेब म्हणाले.

"हो साहेब." आणि ते बोलले, चांगलं अर्धा तास बोलले. पण ते नंतर.

आधी टेबलाचा प्रश्न होता. साहेबांचं म्हणणं पडलं, की ते त्याच्या मालकिणीकडे आत्ताच्या आत्ता, पुढच्या दारानं, उजळ माथ्यानं गेलं पाहिजे. मागच्या दारानं ते इतक्या घाईत आत कोंबलं होतं, की पुढच्या दारातून बाहेर काढताना नेमकं आडवं अडकलं. मामानं ढकललं. काकांनी ओढलं. शेवटी साहेबांनी कोट काढून ताईंच्या हातात दिला, बाह्या सरसावल्या आणि आखूड पाय धरला. एक हिसका बसला आणि साहेब, टेबल आणि काका, तिघंही एकदमच गल्लीत येऊन पडले.

गल्लीत सगळे जमले होते. आत काय झालं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दिसत होतं ते इतकंच, की साहेब बाह्या सरसावून टेबल घेऊन बाहेर आलेत, आणि पोरं नेणारी बाई दारात उभी आहे, मागे ती पोरगी. टेबल पकडलं गेलं. आता पुढे काय, हे सांगायची गरजच नव्हती.

बँडवाले आजोबा पुढे आले. ट्रम्पेट त्यांच्या काखेत होतं आणि हात जोडलेले होते.

"टेबल न्या, साहेब," ते म्हणाले. "गोल न्या, दिवा न्या. माझं हे ट्रम्पेट पण घेऊन जा. पण पोरीला राहू द्या."

साहेबांनी हातातला आखूड पाय हळूच खाली टेकवला. इतकी वर्षं ताई या दारांत उभ्या राहिल्या होत्या, पण आपल्याला बघून ही माणसं आत काय काय पणाला लावत असतील, हे त्यांना असं समोर कधी दिसलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी साहेबांच्या कोटालाच पुसलं.

"आजोबा, कोणी कोणाला नेत नाहीये," त्या म्हणाल्या. "पोरगी मामाकडेच राहतेय. तुम्ही हा पाय धरा बघू, जड आहे."

आजोबांना ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पाय धरला नाही, ट्रम्पेट तोंडाला लावलं. तो सूर ऐकून सवयीनं पुन्हा गल्लीभर झाडू आणि बादल्या वाजायला लागल्या, आणि त्या गोंगाटातून टेबल वाजतगाजत आपल्या घरी निघालं. एक पाय साहेबांकडे, एक मामाकडे, एक काकांकडे, चौथा ताईंच्या खांद्यावर. वकील पुढे गोल घेऊन चालली होती आणि डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, असं सगळ्यांना कारणासकट सांगत होती.

मधल्या एका दारात एक बाई पोराला भरवत बसली होती. पोर तोंड मिटून हटून बसलेलं. बाईनं सवयीनं बोट दाखवलं, "गिळ मुकाट्यानं, नाहीतर ती बघ, ती..." आणि ती अडखळली. पोरं नेणारी बाई घामाघूम होऊन, साहेबाचा कोट गळ्यात अडकवून, टेबलाखालून तिच्याकडे बघून हसत होती.

"...नाहीतर ती तुला टेबल उचलायला लावील," बाई म्हणाली.

पोरानं मोठा आ केला.